सकाळची गळती

१२ एप्रिल २०१५, नांदेड

ही डायरी लेकीच्या, शिवांगीच्या क्लासची आहे. प्रवेश घेतला की सगळ्या पोरांना देतात. तिची कोरीच पडली होती, म्हणून लातूरहून निघताना मी पिशवीत टाकली. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलेला आहे. आजच्या पानावर आहे, 'वेदना क्षणाची, यश आयुष्याचं.' ज्याने हे लिहिलं त्याला आयसीयूबाहेरच्या या बाकड्यावर आणून बसवायला पाहिजे. एक दिवस पुरे.

मला राग आलेला आहे. आधी ते लिहून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

लातूरला यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आतडं फुटलं होतं, शुगर वाढलेली होती. ऑपरेशन छान झालं असं डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. आठवड्याने यांना खोकल्याची उबळ आली आणि पोटावरची पट्टी एकदम ओली झाली. मी पट्टी उचलून पाहिली. टाके मांस कापत निघून आले होते. आत जे दिसलं ते इथे लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. शुगरवाल्यांचं होतं."

कधी कधी! मी क्लासच्या मुलींची मेस चालवते. वरणात मीठ जास्त पडलं तर पोरी ताट सरकवून उठतात. तिथे मला 'होतं कधी कधी' म्हणता येत नाही.

त्याच दिवशी अँब्युलन्सने इथे आणलं. इथले डॉ. हंबर्डे उघड्या पोटाचे पेशंट बघतात म्हणे. यांच्या तोंडात श्वासाची नळी आहे. मेस तारामतीवर सोडून आले. शिवांगीची सीईटी सात मेला आहे. "आई, मी येते," म्हणाली. "अभ्यास कर," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

१३ एप्रिल

डॉ. हंबर्डेंनी आज मशीन लावलं. मला, माझ्या सासऱ्यांना आणि दिराला, म्हणजे बसवराजला, बोलावून समजावलं. पोट आत्ता शिवता येत नाही, शिवलं तर पुन्हा फाटेल. म्हणून आतड्यावर एक पातळ पडदा ठेवायचा, त्यावर काळा स्पंज भरायचा, आणि वरून चिकट फिल्म लावून सगळं हवाबंद करायचं. मशीन नळीतून आतली हवा ओढतं. त्या ओढीने घाण पाणी डब्यात येतं, कडा जवळ येतात, नवं मांस धरतं.

"पण हवाबंद राहिलं तरच," डॉक्टर म्हणाले. "सुईएवढी फट पडली तरी ओढ संपते. मग पाणी आतच साचतं आणि फायद्याऐवजी तोटा होतो."

मी म्हटलं, "लोणच्याच्या बरणीसारखं."

"तसं समजा."

अप्पा, म्हणजे सासरे, मान खाली घालून ऐकत होते. ऐंशीच्या पुढचे आहेत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "पोटच का पुन्यांदा?" पुन्यांदा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. म्हातारी माणसं काहीतरी बोलत असतात.

आत एका वेळी एकालाच सोडतात. दुपारी बाराला एक आणि संध्याकाळी एक. घरातलं मोठं माणूस म्हणून बाराची पाळी अप्पांना दिली. ते मठाच्या भक्त निवासात उतरलेत, तिथून अंघोळ, पूजा उरकून येतात. संध्याकाळची पाळी माझी.

१५ एप्रिल

दुपारी मशीन वाजलं.

दाराबाहेरसुद्धा ऐकू येतं. टीं टीं टीं. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. दार उघडलं तेव्हा यांच्या कॉटजवळ धावपळ दिसली. सकाळच्या पाळीला, म्हणजे दुपारी दोनपर्यंत, रुखसार नावाची सिस्टर असते, लोह्याहून रोज एसटीने येते, पंचविशीची असेल. ती बाहेर येऊन म्हणाली, "काही न्हाई ताई, लीक झालंय. फिल्म लावली वरून."

"कशानं झालं?"

"घाम येतो ना पेशंटला. उन्हाळा हाय."

आत एसी आहे. मी थंडीने शाल घेऊन बसते. घाम म्हणे.

१७ एप्रिल

आज पुन्हा. तीच वेळ, जेवणानंतरची. परवाही तीच होती. फिल्मवर फिल्म, तीवर फिल्म. संध्याकाळी मी गेले तर पोटाच्या कडेची कातडी भाजल्यासारखी लाल झालेली. आतलं पाणी झिरपलं की कातडी जळते असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सगळं काढलं आणि नवीन बसवलं. ठरलेल्या दिवसाच्या आधीच.

बाहेर येऊन डॉ. हंबर्डेंनी विचारलं, "कडेला राखाडी, चिकट असं काहीतरी होतं. घरून काही पावडर वगैरे लावता का?"

"आम्ही काय लावणार? आम्हाला हात तरी लावू देतात का तुमचे लोक?"

माझा आवाज चढला. बाकड्यावरचे सगळे बघायला लागले. बघू देत. डॉक्टर निघून गेले. त्यांनी सिस्टर लोकांना विचारावं ना! कसली पावडर हातमोज्यात घालतात, कुठला मलम फासतात, ते विचारावं. नातेवाइकांना दम द्यायला काय लागतं?

अप्पा शेजारी बसले होते, जपमाळ घेऊन. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रागराग करू नगं माय. सुधारतंय त्ये. मी बघतो की रोज." त्यांच्या बोटांना नेहमीचा तो कोरडा, गोड वास होता. त्या वासाने मला घरी असल्यासारखं वाटलं आणि तेवढ्यापुरतं रडू आलं.

१९ एप्रिल

बसवराज दोन दिवस गावी जाऊन आला. लिफ्टपाशी गाठून त्याला सांगितलं, रोज सकाळच्या पाळीतच गळती होते. दुपारनंतरच्या सिस्टर असतात तेव्हा कधीच नाही.

"सकाळी कोण अस्ती?"

"रुखसार म्हणून आहे."

त्याने लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाला, "वैनी, मी काय म्हणत न्हाई. पण बदलून घ्या. आपल्याकडच्या बाईला जसं वाटंल तसं त्येंला वाटंल का?"

"मूर्खासारखं बोलू नको," मी म्हटलं. खरंच म्हटलं. माझी शाळेतली सगळ्यात जवळची मैत्रीण नाझनीन होती. मी असा विचार करणाऱ्यातली नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की त्या मुलीचं कामात लक्ष नाही. सारखी घड्याळ बघते. तिला लोह्याची एसटी गाठायची असते, म्हणून घाईत फिल्म नीट दाबत नाही. यात जातीचं काय आहे?

संध्याकाळी हे जागे होते. नळीमुळे बोलता येत नाही, पण मान हलवतात, बोटं दाबतात. मी कानाशी वाकून म्हटलं, "ती सकाळची सिस्टर हलगर्जीपणा करते ना? तुम्हाला त्रास देते ना?" त्यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी जोरजोरात. म्हणजे त्यांनाही ती नको आहे. "तिला बदलून घेऊ?" पुन्हा तसंच. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. वही-पेन पुढे धरलं तर हाताने बाजूला सारलं. किती सोसलं असेल या माणसाने!

२१ एप्रिल

आज बसव जयंती. अप्पा सकाळीच मठात गेले, तिथून मिरवणुकीला. दुपारी आलेच नाहीत. बाराला बसवराज जाऊन आला.

रुखसारची आज सुट्टी होती.

आणि मशीन दिवसभर गप्प! एकदाही वाजलं नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

अप्पा संध्याकाळी आले ते खुशीत होते. मठातून विभूतीचा नवा गोळा आणलाय. "स्वामींनी हातानं दिला," म्हणाले. मीही खुशीत होते. चहा घेतला आम्ही, कितीतरी दिवसांनी बसून. मनाशी ठरवलं, उद्या बोलायचं.

२२ एप्रिल

रुखसार कामावर आली. दुपारी मशीन वाजलं.

मी सरळ मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोण होतं. मेट्रनबाई म्हणाल्या, "ती चांगली मुलगी आहे हो." मी म्हटलं, "चांगली असेल. माझ्या नवऱ्याच्या कॉटजवळ नको." त्यांनी रुखसारला बोलावलं. माझ्यासमोरच.

ती म्हणाली, "मॅडम, मी दोन दोनदा दाबून बघते. मलाबी कळंना कशानं होतंय."

"तुला कळत नाही म्हणूनच," मी म्हटलं.

तिला खालच्या जनरल वॉर्डात पाठवलं. दारातून जाताना ती थांबली. वाटलं, रडेल. रडली नाही. "ताई," म्हणाली, "तुमच्या माणसाला रोज हातानं फिरवून निजवलंय मी. पाठीला एक फोड न्हाई त्यांच्या. तेवढं बघून घ्या."

मी मान फिरवली. बरोबर केलं मी.

२३ एप्रिल

आज नवीन सिस्टर होती, शांत, वयाने मोठी. दुपारी मशीन वाजलं.

मला वाटतं, जुन्या सिस्टरने आधीच्या फिल्म नीट लावल्या नव्हत्या, त्याचाच हा परिणाम. नाहीतर या सगळ्या एकमेकींच्याच. एकीला हलवलं म्हणून दुसरी सूड घेते. असंही असू शकतं. मला नीट विचार करता येत नाहीये.

संध्याकाळी डॉ. हंबर्डे म्हणाले, "मॅडम, आता स्पष्ट बोलतो. आतड्यावर एका जागी लाली आलीय. तिथे भोक पडलं तर आतड्यातलं सगळं जखमेत उतरेल. या तब्येतीत ते त्यांना झेपणार नाही. मी आणखी एकदा मशीन बसवतो. ते टिकलं तर टिकलं. नाहीतर काढून टाकावं लागेल."

"मग?"

"मग पट्ट्या बदलत राहायचं."

"आणि?"

त्यांनी फाइल मिटली.

खाली कँटीनमध्ये बसवराज म्हणाला, "वैनी, किती हाल करायचे दादाचे? घरी घेऊन जाऊ. आपल्या माणसांत तरी..." मी चहाचा कप जोरात आपटला. कानच तुटला. "तुझ्या दादाला मी शिजवलेलं खायला उठवून बसवणार आहे. तुला जायचं तर तू जा घरी." काउंटरवरचा पोऱ्या म्हणाला, "बाई, कप." मी त्यालाही ओरडले.

अप्पा सगळं ऐकत होते. उठताना म्हणाले, "टिकंल. मी सोडतो का त्याला?"

२५ एप्रिल

काय लिहू! क्रमाने लिहिते.

काल संध्याकाळी बसवलेली नवीन फिल्म पावणेबाराला ठणठणीत होती. मी स्वतः नव्या सिस्टरला विचारलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळात वेटिंग हॉलच्या टीव्हीवर नेपाळच्या बातम्या सुरू झाल्या. भूकंप. घरं पडलेली, धुळीने पांढरी झालेली माणसं विटा उपसताहेत. सगळा हॉल टीव्हीसमोर जमला. कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडं किल्लारीला झालता तसाच." दुसरा म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठा हाय हो."

अप्पा उभे राहिले. आमचं जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. सासूबाई त्यात गेल्या. मी तेव्हा माहेरी, उदगीरला होते. म्हणून मी वाचले आणि म्हणून मी ते पाहिलं नाही. अप्पा त्यावर कधी बोलत नाहीत. आज टीव्हीकडे बघत पुटपुटले, "तवाबी पोटच व्हतं." आणि लगबगीने आत गेले. एवढ्या लगबगीने की चष्मा बाकड्यावर राहिला.

तो द्यायला मी वॉचमनची विनवणी करून आत गेले.

पडदा अर्धा ओढलेला होता. अप्पांनी काठी कॉटला टेकवून ठेवली होती. यांच्या पोटावरची चादर खाली सरकवली होती. डाव्या हाताच्या नखाने ते फिल्मची कड उचलत होते, हळूच, जशी दुधावरची साय उचलावी. उजव्या हाताची तीन बोटं ओली, राखाडी होती. ओठ हलत होते. ती बोटं त्यांनी फिल्मच्या आत, कातडीवर फिरवली आणि कड पुन्हा नीट बसवून वरून दाबली. प्रेमाने. लहान मुलाला पांघरूण घालतात तशी.

हे जागे होते. छताकडे बघत होते.

मी अप्पांचं मनगट धरलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, सासऱ्यांसमोर मी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, आणि आज त्यांचं मनगट धरलं.

"अप्पा, काय करून राहिलात हे?"

ते दचकले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "विभूती गं. प्लॅस्टिकवर लावून काय उपेग, माय? कातडीला लागली पायजे."

"रोज लावता?"

"रोज. एक बसव जयंतीला तेवढी चुकली."

आणि मशीन वाजायला लागलं. टीं टीं टीं.

"ऐका," मी म्हटलं. "ऐकलंत? हे तुम्ही वाजवताय. लेकाला मारताय तुम्ही. स्वतःच्या हातानं मारताय." याहून जास्त बोलले. शब्द आठवतात, पण लिहिणार नाही. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग धोतराला पुसायला लागले. पुसतच राहिले.

सिस्टर धावत आली. मी "लीक" एवढंच म्हटलं.

डॉ. हंबर्डेंना एकटं गाठून सांगितलं, "ते राखाडी म्हणजे भस्म होतं. आमच्याकडूनच." ते चिडतील असं वाटलं. ते म्हणाले, "कपाळाला लावा हो हवं तेवढं. गाडीभर आणा," आणि यांना थिएटरमध्ये घेऊन गेले. मला त्यांची चीडही मिळाली नाही.

आमच्या घरात रोज सकाळी विभूतीचा वास येतो. माझ्या हातून देवघरातली ती ताटली रोज घासली जाते. आणि डॉक्टर राखाडी म्हणाले तेव्हा मी हातमोज्यातली पावडर शोधत होते.

२६ एप्रिल

अप्पा नाहीत. सकाळी न सांगता लातूरची गाडी धरली. बसवराज विचारतोय, "असे कसे गेले? काय झालं?" मी म्हटलं, "दमले असतील."

बरं झालं गेले.

मशीन वाजलं नाही.

२८ एप्रिल

आजही नाही. डॉक्टरांनी स्पंज बदलला. बाहेर आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. ती लाल जागा निवळलीय, भोक पडलं नाही. कडांना नवं मांस धरलंय. "डाळिंबाच्या दाण्यासारखं," म्हणाले. आता हे मशीन यांना वाचवणार असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर म्हणाले.

शिवांगीचा फोन आला. "आई, अज्जा इथे मेसच्या ओट्यावर बसून आहेत. कालपासून नीट जेवले नाहीत. तारामतीमावशीने भाकरी पुढे ठेवली तर म्हणतात, ठेव. दर थोड्या वेळाने मला उठवतात आणि विचारतात, मशीन वाजलं का? मला केमिस्ट्रीचं काहीच होत नाहीये. तुमचं भांडण झालं का?"

"नाही."

"मग काय सांगू त्यांना?"

"सांग, वाजत नाही."

तिने तिथल्या तिथे ओरडून सांगितलं. मग म्हणाली, "त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, आई." मी फोन ठेवला. मला त्यांची दया यायला नको आहे. त्या मशीनच्या प्रत्येक आवाजाला माझा जीव गेला आहे. दया आली तर हा राग ठेवू कुठे?

आणि खाली जनरल वॉर्डात रुखसार आहे. तीन वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिचं नाव साफ करायचं तर अप्पांचं घ्यावं लागतं. चार माणसांत. बसवराजसमोर. बापाच्या हाताने लेकाचं पोट नासत होतं, हे एकदा गावात गेलं की ऐंशी वर्षांच्या माणसाला ते घेऊनच मरावं लागेल.

३० एप्रिल

मेट्रनबाईंकडे गेले. रुखसारला बोलवा म्हटलं. बसवराजही माझ्यामागून आला, त्याला थांबवता आलं नाही.

मी म्हटलं, "गळती सिस्टरमुळे नव्हती. फिल्मच्या आत भस्म लावलं जात होतं. मी लावत होते."

असं का म्हटलं, माहीत नाही. आधी ठरवून आले नव्हते. तोंडातून तसंच बाहेर पडलं.

बसवराज केवढ्याने ओरडला! "तुमी? शिकलेल्या बाईनं? आन् मला मूर्ख म्हणत व्हता!" मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांनी असं केल्यावर खेड्यातल्यांना काय बोलायचं?" मी ऐकून घेतलं. खाली मान घालून ऐकताना एक प्रकारचं बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाही राग येत होता.

बाहेर व्हरांड्यात रुखसारने मला गाठलं. "ताई, तुम्ही तर संध्याकाळी यायच्या."

मी पदर सावरला.

"बाराला बाबा यायचे." तिला बोलता बोलताच कळत गेलं. "या अल्ला. आणि मी येड्यासारखी फिल्मवर फिल्म चिकटवत बसले. मला दिसलं असतं तर त्यांचा हात मीच धरला असता."

"रुखसार, माझं चुकलं. मी तुला..."

"माफ केलं म्हणायला सांगू नका. आज न्हाई जमणार." ती जायला वळली, मग थांबली. "वॉर्डात सगळे काय म्हणून राहिले माझ्याबद्दल, तुम्हाला ठाऊक हाय? तुमच्या दिरानं लिफ्टपाशी काय म्हटलं, ऐकलं मी. तुम्ही शेजारीच होत्या."

"मी त्याला मूर्ख म्हटलं होतं."

"हौ. आणि मग त्यानं सांगितलं तेच केलं."

ती गेली.

२ मे

रुखसार पुन्हा वर आली आहे. कामापुरतं बोलते. 'ताई' म्हणत नाही, 'नातेवाईक' म्हणते. "नातेवाईक, बाहेर थांबा." बरोबर आहे.

बसवराज माझ्याशी बोलत नाही. गावात फोन करून सांगत असतो, "वैनीनंच घोळ केला." चुलत सासूबाईंचा मला फोन आला, "देवाधर्माचा एवढा नाद कधीपासून लागला गं तुला?" चुलीत घाला सगळ्यांना.

श्वासाची नळी काढली. घोगरा आवाज येतो. पहिला शब्द काय, तर "पाणी". मी काय काय अपेक्षा करून बसले होते!

५ मे

आज यांना उशीला टेकवून बसवलं. मशीन अजून आहे, पण जखम निम्म्यावर आलीय. पुढच्या आठवड्यात टाके घालता येतील असं डॉक्टर म्हणतात. मी चमच्याने भाताची पेज भरवत होते.

"अप्पा कुठं हायेत?"

"लातूरला."

"का?"

"दमले होते."

"बसवराज म्हणत व्हता, तू भस्म लावत होतीस माझ्या पोटाला."

"हो."

"रुद्रा, तू घरच्या देवाला नैवेद्य दाखवताना बी गॅसकडं बघतीस. तू कुठली लावतीस भस्म!" मग थांबून म्हणाले, "अप्पांचा हात मला ठाऊक न्हाई का? ती तीन बोटं रोज कळायची मला."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "तुम्ही जागे असायचात?"

"बऱ्याचदा."

"आणि मशीन त्यानं वाजतं, हे..."

"दोन-तीनदा झाल्यावर ध्यानात आलं."

"बेल हाताशी होती तुमच्या! पेन दिलं होतं मी! का नाही सांगितलं?"

त्यांनी पाण्याचा घोट मागून घेतला. मग तुटक तुटक सांगितलं. भूकंपाच्या पहाटे माळवदाची तुळई यांच्या पोटावर पडली होती. अप्पांनी हातांनी माती उकरून काढलं. बाजूला आईचं प्रेत. औषध नाही, डॉक्टर नाही. अप्पांच्या कमरेला विभूतीची पिशवी होती. मिलिटरीची गाडी येईपर्यंत ते दिवसभर यांच्या पोटाला ती लावत बसले. "मी त्यानं वाचलो का न्हाई, मला काय ठाऊक. पर त्येंला ठाऊक हाय. त्येंच्याजवळ तेवढंच शिल्लक हाय. तो हात मी कसा धरू?"

"म्हणून मरायला निघालात?"

"तसा इचार न्हाई केला."

"मग कसा केलात? मी बाहेर बाकड्यावर बसून एका पोरीचं नाव मातीत घातलं. तुम्हाला विचारलं होतं मी, कानात विचारलं होतं!"

"मी मान हलवली की. न्हाई म्हणून."

"मान हलवली!" मी पेजेची वाटी ठेवून दिली. "तीन नळ्या नाकातोंडात असलेल्या माणसानं मान हलवली, आणि मी समजून घ्यायचं! बापाचं मन मोडायला नको, म्हणून स्वतःचं पोट नासवून घ्यायचं. बायको काय, पोर काय, परक्याची लेक काय, कुणीही भरडलं जाऊ दे. अप्पांना काही कळता कामा नये, तुम्ही काही बोलता कामा नये, आणि ओरडून ओरडून घसा कुणी फाडायचा? मी!"

"मग मी तरी काय..." त्यांचाही आवाज चढला. घोगरा, फाटका. "तू तरी कुठं सांगितलंस खरं? स्वतःवर घेतलंस की! तू बी तेच केलंस!"

"मी तुमच्यासारखं पोट उघडं ठेवून नाही केलं!"

"बरं झालं! दोघांना दोन मशिना कुठून आणल्या असत्या?"

ते ओरडून दमले आणि त्यांना खोकला आला. जोराचा, आतून, लातूरला आला होता तसाच. मी दोन्ही हातांनी उशी त्यांच्या पोटावर दाबून धरली. पडदा सरकवून रुखसार आली. "काय चाललंय हे? आयसीयू हाय हा. हळू भांडा." ती माझ्या हातांवर हात ठेवून मशीनकडे बघायला लागली. मीही बघायला लागले. खोकला थांबला. उशी काढली. फिल्म काळ्या स्पंजावर आत ओढलेली, घट्ट, तशीच होती.

मशीन वाजलं नाही.

रुखसारने डब्यातलं पाणी पाहिलं, चार्टवर लिहिलं. जाताना म्हणाली, "भांडण झालं की पेज संपवा."

मी चमचा उचलला. "आ करा," म्हटलं. अजून रागातच म्हटलं.